सहा राजे, एक किल्ला

१४ जुलै २०२५

जितेंद्रचा फोन आला तेव्हा अर्धी दाढी व्हायची होती. "काकाजी, एक जर्मन येऊन बसला आहे दुकानात. लवकर या, नाही तर आटवायला मुशीत जाते." मुशीत जाते म्हटल्यावर माझ्याच्याने दुसरा गाल होत नाही. तसाच टोपी चढवून इतवारी बाजारात गेलो.

जितेंद्र सोनार. लोक त्याच्याकडे मोडीचं सोनं आणतात, तो तपासून आटवून देतो. दोन वर्षांपूर्वी बायकोच्या, प्रेमिलाच्या, कानातल्याची फिरकी बसवायला गेलो होतो, तेव्हा त्याच्या तराजूत एक नाणं पडलेलं दिसलं. देणाऱ्याने गिन्नी म्हणून दिलं होतं. गिन्नी नव्हती ती. एका बाजूला गालमिशावाला म्हातारा, दुसऱ्या बाजूला गरुड, खाली १८७३. ते घेऊन घरी आलो आणि माझं डोकं फिरलं ते फिरलंच.

आज आला तो बव्हेरियाचा लुडविग. कुरळ्या केसांचा तरणाबांड राजा. प्रशिया, सॅक्सनी, वुर्टेमबर्ग, बाडेन, आणि आता हा. पाच झाले. राहिले हेसे आणि हांबुर्ग. तशी राज्यं पंचवीस होती, पण बाकीच्यांची सोन्याची नाणी माझ्यासारख्याने पुस्तकातच पाहायची. मी सातांवर समाधान मानलं आहे.

प्रेमिलाने नाणं दिव्याखाली धरून चांगली दहा मिनिटं पाहिलं. मग म्हणाली, "हा हिरो आहे. बाकीचे चारही जण याचे सासरे वाटते." नाणं ठेवायला वळली आणि उजव्या हाताशी ठेवलेला पाण्याचा गिलास लवंडला. नाण्यांच्या ट्रेची मखमल भिजली. मी ओरडलो. ट्रेजवळ पाणी ठेवायचं नाही हे मी तिला किती वेळा सांगितलं आहे.

तरी दिवस चांगला गेला. म्हणून ही वही सुरू करतो आहे. नाण्यांपुरतीच.

१९ जुलै

दीक्षाने फोनवर विचारलं, "बाबा, जर्मनीचंच काहून? आपले भोसले काय वाईट होते?"

मी उमरेडच्या खाणीत चौतीस वर्षं सर्व्हेअर होतो. नकाशा ही माझी जात आहे. देश एक झाला तरी प्रत्येक राज्याने आपला राजा नाण्यावर कायम ठेवला, फक्त पाठीमागचा गरुड सगळ्यांचा सारखा, हे वाचलं तेव्हा मला तो देश जमिनीवर आखून दिल्यासारखा दिसला. ट्रे उघडला की नकाशाच उघडतो. मुलीला एवढं सगळं सांगता आलं नाही. म्हटलं, "आवडते म्हणून."

दुपारी जेवणानंतर आम्ही दोघं ट्रे काढून बसतो. प्रेमिलाने सगळ्यांना नावं ठेवली आहेत. प्रशियाचा ठाणेदार. सॅक्सनीचा कंडक्टर. वुर्टेमबर्गचा शाळामास्तर. बाडेनचा दाढीवाला तिच्या मामासारखा दिसतो म्हणून मामाजी. बाडेन आणि हेसेचे राजे नव्हते, ग्रँड ड्यूक होते, हे मी सांगून पाहिलं. "आपल्या घरात सारे राजेच," म्हणाली.

हांबुर्गवर राजा नसतो. स्वतंत्र शहर होतं ते. त्यांच्या नाण्यावर तीन बुरुजांचा किल्ला आणि तो धरून उभे दोन सिंह. हे सांगितल्यावर तिचे डोळे चमकले. "मले तो पाह्याचा आहे," म्हणाली. "डोकी पाहून पाहून कंटाळा आला."

६ ऑगस्ट

एक गोष्ट लिहून ठेवण्यासारखी. प्रेमिलाने टीव्ही सोडला. संध्याकाळच्या मालिका म्हणजे तिचा जीव की प्राण. आता लावतच नाही. विचारलं तर म्हणते, "काय पाहाचं त्यात. कोण कुठून येते, कोण कुठं जाते, काही समजत नाही." खरंच आहे, त्या मालिकांना ना शेंडा ना बुडखा. त्यापेक्षा भिंग घेऊन शाळामास्तरच्या कानामागचे केस मोजत बसते. शिवणकामाची शिक्षिका ती. उमरेडला असताना मुलींना काजं-बटणं उसवायला लावायची. नजर तीच आहे.

मी मनातून खूष आहे. माझा नाद तिला लागला. निवृत्तीनंतरची पहिली दोन वर्षं मी या घरात कसा बसून होतो ते मला आठवतं. खुर्चीत, खिडकीकडे तोंड करून. तेव्हा ती एकटी बोलायची आणि एकटीच उत्तर द्यायची.

फिरायला मात्र येईनाशी झाली आहे. कुत्री आहेत म्हणते. कुत्री तर दहा वर्षांपासून आहेत.

२१ ऑगस्ट

तिला इतवारीत घेऊन गेलो. जितेंद्रकडे एक नाणं आलं होतं, ते निघालं ऑस्ट्रियाचं. तो विषय नाही.

विषय असा की भांड्यांच्या गल्लीत डावीकडून हातगाडी आली आणि प्रेमिला सरळ तिच्यावर गेली. गाडीवाला बोंबलत होता, "बाजू, बाजू!" कोपर सोललं. गाडीवाला म्हणाला, "मांजी, इतनी बडी गाडी नहीं दिखी?" मीही तेच म्हणालो. तिने पदर कोपरावर दाबला. पुढे चार पावलं गेल्यावर म्हणाली, "दीक्षाचे बाबा, हात धरून चाला नं."

चौसष्टाव्या वर्षी, इतवारीच्या भर गर्दीत! लग्न झालं तेव्हाही आम्ही असे चाललो नव्हतो. लाज वाटली, पण धरला. जितेंद्र गादीवर बसल्या बसल्या हसला. "क्या बात है काकाजी, हनिमूनले निघाले का?" प्रेमिलाही हसली. हात काही सोडला नाही तिने.

या वयात माणूस हळवं होतं म्हणतात. असेल. मला वाईट वाटलं नाही, हे इथे लिहायला हरकत नाही.

३ सप्टेंबर

हेसे आला! मुंबईच्या एका व्यापाऱ्याशी महिनाभर बोलणं चाललं होतं. आज सकाळी पार्सल आलं. जितेंद्रच्या मशीनवर तपासून घेतलं. सोन्याचा टंच बरोबर, वजन बरोबर. सहा झाले. येताना पेढे आणले.

प्रेमिलाने नाणं घेतलं, पाहिलं, परत पाहिलं. पेढा तसाच हातात. अर्धा तास झाला. मग म्हणाली, "हा आपल्यातला नाही."

"म्हणजे?"

"याच्या गरुडाची पिसं पाहा. बाकी पाचही जणांची पिसं कातरल्यासारखी आहेत. याची वितळल्यासारखी. अन् कानामागचे केस थापलेले आहेत, कोरलेले नाहीत."

मी म्हटलं, मशीनने सांगितलं सोनं खरं आहे.

"सोनं खरं असन. माणूस खोटा आहे."

मला राग आला. महिनाभर मी पत्रव्यवहार केला, ही बाई अर्ध्या तासात निकाल देते. ट्रे उचलून कपाटात ठेवला.  पेढे उरले.

११ सप्टेंबर

पुण्याच्या एका जाणकाराकडे फोटो पाठवले होते, त्यांचं उत्तर आलं. सोनं पूर्ण वजनाचं, पण नाणं टाकसाळीतलं नाही. नंतर कधीतरी कोणीतरी बनवलेलं. कडेवरची अक्षरंही सारख्या अंतरावर नाहीत. व्यापाऱ्याने कुरकुर न करता परत घेतलं, त्यालाही माहीत नव्हतं म्हणतो.

उत्तर मीच तिला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने फक्त "हाव?" म्हटलं आणि भाजी निवडत राहिली. पण नंतर स्वयंपाकघरातून गुणगुणणं ऐकू आलं.

मला एक कोडं सुटत नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या राजाचा एक केस हिला दिसतो, आणि रोज त्याच जागी असलेलं स्टूल दिसत नाही. आज परत पायाला लागलं. नडगीवर काळे-निळे डाग आहेत. मी म्हटलं, जरा लक्ष देऊन चालत जा वं. "देतो नं," म्हणाली. "लक्षच देऊन राहिली."

२ ऑक्टोबर

दीक्षा परवा आली. आज धम्मचक्र प्रवर्तन दिन. प्रेमिला जन्मापासून एक वर्षही दीक्षाभूमीला गेली नाही असं झालं नाही. दीक्षा पोटात असताना आठव्या महिन्यात गेली होती, तेव्हा माझ्या आईने किती समजावलं होतं. आज पांढरी साडी नेसली, तयार झाली, आणि दारात थांबली. "तुमी दोघं जा. माह्ये गुडघे दुखून राहिले. मी घरीच वंदना घेतो."

आम्ही गेलो. एवढी गर्दी, एवढे लोक, पण मला सारखं बाजूला कोणीतरी कमी वाटत होतं. पुस्तकांच्या स्टॉलवर मी दोनदा मागे वळून तिला हाक मारली.

परतताना ऑटोत दीक्षा पुस्तकांची पिशवी मांडीवर घेऊन बसली. मग म्हणाली, "बाबा, आई कधीपासून पूर्ण मान वळवून पाहते?"

"म्हणजे?"

"तिच्या बाजूले बसलं तर तिले दिसत नाही. पूर्ण डोकं फिरवते. काल मी तिच्या उजवीकडे उभी होती, अन् ती मले आवाज देऊन राहिली होती."

मी म्हटलं तिची मान आधीपासूनच तशी आहे. दीक्षाने माझ्याकडे पाहिलं ते मला आवडलं नाही.

५ ऑक्टोबर

आज लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण लिहिल्याशिवाय बसवत नाही.

चष्म्याचा नंबर काढायचा म्हणून दीक्षा आईला घेऊन गेली, मी उगाच बरोबर गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी नंबर काढता काढता हात थांबवला आणि दुसऱ्या खोलीत नेलं. पांढऱ्या भांड्यासारखं एक यंत्र. त्यात डोकं ठेवायचं, समोर बघायचं, कुठेही बारीक दिवा दिसला की बटण दाबायचं. मी बाहेरून पाहत होतो. दिवे लागत होते. प्रेमिलाचं बोट हलत नव्हतं. मला वाटलं तिला समजलंच नाही काय करायचं ते. मी आत जाऊन सांगणार होतो.

मग कागद आला. मी आयुष्यभर नकाशे वाचले. हा कोणी न शिकवता वाचता आला. चहूकडून काळं, आणि मधोमध एक पांढरं बेट. डाव्या डोळ्याचं बेट उजव्यापेक्षा लहान.

काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढून नजर कडेकडून जाते. दुखत नाही, खुपत नाही. गेलेलं परत येत नाही. उरलेलं राखता येतं. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करावं लागेल, दोन्हींत रोज थेंब. हा आजार घरातून येतो म्हणून दीक्षाचेही डोळे तपासले, ते ठीक आहेत. तेवढाच काय तो सुटकेचा श्वास घेतला.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "आधी कुठं दाखवलं होतं का?"

प्रेमिला म्हणाली, "जानेवारीत विहारात डोळ्याचं शिबिर होतं. त्यायनं सांगतलं होतं, मोठ्या दवाखान्यात दाखवा म्हणून."

जानेवारी. मी तिच्याकडे पाहत राहिलो. ती समोर पाहत होती. मी तिच्या बाजूला होतो, मी तिला दिसत नव्हतो.

६ ऑक्टोबर

मागची पानं वाचली. गिलास. टीव्ही. हातगाडी. स्टूल. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. हात धरायला सांगितलं तेव्हा मी काय लिहिलं ते परत वाचवत नाही. ते पान फाडणार होतो. मग नाही फाडलं.

सकाळी विचारलं, "सांगितलं काहून नाही?"

तिने तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "आईचं पाह्यलं होतं मी," म्हणाली. तिची आई मैनाबाई शेवटची दहा वर्षं आंधळी होती, उमरेडच्या घरात कोपऱ्यातल्या खाटेवर. "आईले सारे चांगलं वागवत. पण तिले कोणी काही दाखवेच नाही. फक्त सांगत. नवीन साडी आणली, सांगत. पोरगी झाली, सांगत. एकदा का लोकायले समजलं का हिले दिसत नाही, मग जे दिसते तेबी दाखवत नाही."

"मी तसा आहे का?"

"नाही. पण तुमी ट्रे बंद केला असता. मी बिमार आहे म्हणून तुमी परत त्या खुर्चीत जाऊन बसले असते." मग माझा शर्ट ओढून म्हणाली, "दोन वर्षानं माणूस घरी आला होता माह्या. मी त्याले परत कशाले पाठवू?"

दीक्षा दारात उभी होती. तिने ऐकलं. ती आत निघून गेली. मी इतका वेळ काय पाहत होतो?

२४ ऑक्टोबर

ऑपरेशन झालं. दीड तास. दीक्षा रजा वाढवून थांबली आहे. आत जाताना प्रेमिलाने मंगळसूत्र, बांगड्या, कानातलं काढून माझ्या हातात दिलं. कान मोकळे पाहून ती एकदम लहान वाटली, मुलीसारखी. मी म्हटलं, घाबरू नको. ती म्हणाली, "बांगड्या तीनदा मोजून राहिले तुमी, अन् मले सांगता."

डॉक्टरबाई म्हणाल्या नीट झालं. दाब किती उतरला ते काही आठवड्यांनी कळेल. फोन बंद करून ठेवला होता तो तसाच राहिला. दिवसभर नाण्यांचा विचार एकदाही आला नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

२ नोव्हेंबर

जितेंद्र भेटायला आला. संत्री आणली, खुर्चीच्या कडेवर बसला, चहा प्यायला, आणि उठेचना. शेवटी म्हणाला, "काकाजी, एक गोष्ट आहे. रागावू नका."

चोवीस तारखेला त्याच्याकडे हांबुर्ग आला होता. तीन बुरुज, दोन सिंह, सगळं. ते नाणं एका पोराच्या आजीचं, त्याला त्याच सोन्याची अंगठी करायची होती लग्नासाठी. "मी त्याले म्हटलं, बदल्यात दुसरं सोनं देतो, चांगलं देतो. तो म्हणे नाही, आजीचंच पाहिजे. संध्याकाळपर्यंत थांबवला त्याले. तुम्हाले वीस फोन केले. मग त्याच्यासमोर आटवावं लागलं."

मी म्हटलं, जाऊ दे. आणि खरंच जाऊ दे वाटलं. आजीचं सोनं होतं ते, त्याच्या बायकोच्या बोटात राहील.

पण प्रेमिला पलंगावरून उठून बसली. डोळ्यावर कवच, केस विस्कटलेले. "आटवलं? किल्ला आटवला? अन् तुमी कुठं होते?"

"दवाखान्यात. तुझं ऑपरेशन होतं."

"तर मी आत होती नं! तुमी बाहेर बसून काय करून राहिले होते? एक फोन चालू ठेवता येत नाही माणसाले?"

जितेंद्रला हसू आवरेना, दीक्षाला आवरेना. मी रडलो की हसलो ते मला सांगता येत नाही. किती दिवसांनी ती माझ्यावर अशी ओरडली.

१६ नोव्हेंबर

आज डॉक्टरबाईंकडे गेलो. दाब उतरला आहे. आहे तेवढी नजर पुष्कळ वर्षं टिकेल, थेंब चुकवायचे नाहीत. वाढणार नाही, हेही त्यांनी परत सांगितलं. प्रेमिलाने मान डोलावली. रस्त्यात म्हणाली, "भाव करून पाह्यला मी. बाई काही कमी-जास्त करून देत नाही."

दीक्षा सकाळच्या गाडीने गेली. घर शांत. जेवण झाल्यावर प्रेमिला म्हणाली, "ट्रे काढा." महिनाभर मी तो काढला नव्हता. तिने ठाणेदार घेतला, मग कंडक्टर, मग हिरोपाशी बराच वेळ थांबली.

मी आज विचारलं. "तुला हे एवढं काहून आवडते? खरं सांग. माझ्यासाठी पाहतेस का?"

"सुरुवातीले तुमच्यासाठीच." तिने हिरोला मखमलीवर ठेवलं. "मग एक दिवस समजलं. टीव्ही पाह्यला तर अर्धाच दिसते. ताट पाह्यलं तर वरण दिसते, भात शोधावा लागते. दीक्षा समोर बसली तर तिचे डोळे दिसते, हात काय करून राहिले ते नाही दिसत. सारं तुकड्या तुकड्यानं." तिने अंगठा आणि बोट जुळवून गोल केला आणि माझ्यापुढे धरला. "नाणं मले पूर्ण दिसते. कडेपासून कडेपर्यंत. आता घरात पूर्ण दिसणारी तेवढी एकच वस्तू आहे."

 मी तिच्यासारखाच बोटांचा गोल केला, एक डोळा मिटला, दुसऱ्याला तो लावला आणि तिच्याकडे पाहिलं. नाक आणि एक डोळा. गोल हलवला, कान आणि खांदा. परत हलवला, मांडीवरचे हात. समोर बसलेली बायको मला जोडून जोडून घ्यावी लागत होती. ही बाई वर्षभर असं जोडून जोडून स्वयंपाक करत होती, मला वाढत होती.

डोळ्याला गोल लावून ठेवूनच मी उठलो आणि मागे सरकलो. दोन पावलांवर तिचा चेहरा आला. पलंगापाशी पोचलो तेव्हा खांदे आले. दाराच्या चौकटीला पाठ टेकली तेव्हा सगळी मावली. पिवळी साडी, वाकलेली मान, पाटावर दुमडलेले पाय, पुढ्यात ट्रे.

"काय करून राहिले तिकडं?" तिने मान वर केली. आणि माझ्याकडे पाहता पाहता थांबली. तिचा चेहरा बदलत गेला.

"थांबा," म्हणाली. "हालू नका. तिथंच उभे राहा. डोक्यापासून पायापर्यंत दिसून राहिले तुमी."

मी हात खाली घेतला आणि सरळ उभा राहिलो. शर्टाचं वरचं बटण लावलं. ती पाहत होती. 

"बारीक झाले तुमी," ती म्हणाली.